आपला जुना हिरो अडचणीत आहे: चाहत्यांनी मदत उभी करायची तर कशी?

एखाद्या सकाळी ग्रुपवर एक फोटो येऊन पडतो. ज्याच्या नावाची जर्सी घालून आपण लहानपणी गोल मारायचो, तो माणूस आता ओळखू न येण्याइतका वाळलेला. खाली दोन ओळी आणि कुणाचा तरी खातेक्रमांक. दहा मिनिटांत "मी पाठवले, तुम्हीही पाठवा" सुरू होतं. भावना खरी असते, शंकाच नाही. पण अशा मोहिमा बिघडतात त्या बहुधा याच दहा मिनिटांत.

पहिल्यांदाच असं काही हाती घेणाऱ्या फुटबॉल चाहत्यांसाठी हे लिहितोय. पैसे गोळा करणं हा यातला त्यातल्या त्यात सोपा भाग. ज्याच्यासाठी करतोय त्याला विचारून करणं आणि टाळ्या थांबल्यावरही करत राहणं, यात खरा कस लागतो.

"एवढा मोठा खेळाडू, मग पैसे गेले कुठे?"

हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. आजचे करार डोळ्यांसमोर ठेवून जुन्या खेळाडूंचा हिशेब मांडता येत नाही. इंग्लंडमध्ये 1961 पर्यंत खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती, आठवड्याला 20 पौंड. करार संपल्यावरही जुना क्लब नव्या क्लबकडून पैसे मागू शकत असे. युरोपात ते थांबलं 1995 मध्ये, बोस्मन खटल्याच्या निकालानंतर. 1966 चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातल्या जॉर्ज कोहेन आणि नॉबी स्टाइल्स यांनीही पुढे आपली पदकं विकली.

शिवाय शरीर. गुडघे, कंबर, घोटे यांचं दुखणं तर ठरलेलंच, पण डोक्याचंही आहे. ग्लासगो विद्यापीठाने 2019 मध्ये स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. मेंदूची झीज होण्याच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण त्यांच्यात सर्वसाधारण लोकांच्या साडेतीन पट निघालं. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा जेफ ॲस्टल हेडरसाठी, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्यासाठी गाजलेला. तो 2002 मध्ये 59 व्या वर्षी गेला, आणि मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याची नोंद कामामुळे जडलेला आजार अशी केली.

कोणी उधळलेही असतील, कोणाला जवळच्यांनी बुडवलं असेल. असो. मदत करायला निघालेल्यांनी माणसाचं चारित्र्य तपासायला बसू नये. त्यामुळे पैसे कोणत्या वाटेने द्यायचे एवढंच बदलतं, आणि त्याकडे पुढे येतोच.

पायरी 1: बातमी खरी आहे का ते बघा

फोटो कधीचा आहे? उलट इमेज सर्च करून, म्हणजे फोटोच टाकून तो आधी कुठे आला होता ते शोधून पाहा. दोन वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतरचा फोटो "आजची अवस्था" म्हणून फिरणं फार सोपं असतं. खातं कोणाच्या नावावर आहे? "त्यांचा पुतण्या" म्हणजे नेमका कोण?

खातरजमेचा सरळ रस्ता म्हणजे जुने सहकारी. निवृत्त खेळाडूंचे आपापसात फोन चालू असतात. त्याच्याबरोबर खेळलेला एक जरी माणूस सापडला तरी दुसऱ्या फोनला घरापर्यंत पोचता येतं. क्लबचं माजी खेळाडूंचं मंडळ असेल तर त्यांना विचारा. खेळाडूंची संघटनाही आहे: इंग्लंडची पीएफए 1907 पासून, आणि अनेक देशांच्या संघटनांना बांधणारी फिफप्रो 1965 पासून. पत्रकाराकडे मात्र सगळ्यात शेवटी जा. त्याला तुमच्या प्रश्नातच उद्याची बातमी दिसते, आणि मग घरच्यांच्या आधी जगाला कळतं.

पक्की खात्री होईपर्यंत ग्रुपवर एकच ओळ टाका: "चौकशी चालू आहे, तोवर कोणी पैसे पाठवू नका." काही जण चिडतील. चिडू द्या.

पायरी 2: त्याला विचारा

लोक हीच पायरी गाळतात. "सरप्राइज देऊ" म्हणतात. लग्नाच्या वाढदिवसाला सरप्राइज ठीक आहे. आपल्या औषधाचं बिल चार लाख अनोळखी लोकांना ठाऊक आहे हे सरप्राइज कोणालाच नको असतं. ज्याने आयुष्यभर भरल्या मैदानात ताठ मानेने पाऊल टाकलं, त्याला तर नाहीच नाही.

विचारायला दहा जणांचं शिष्टमंडळ नेऊ नका. एक जण, शक्यतो त्याच्या ओळखीचा. पहिल्या भेटीत पैशाचा विषय काढलाच पाहिजे असं नाही. काढाल तेव्हा मोघम "आम्ही तुमच्यासाठी काहीतरी करतोय" असं न म्हणता एकेक गोष्ट सुटी विचारा. आजाराचं नाव सांगितलेलं चालेल का? आताचा फोटो वापरायचा की खेळतानाचा? घर, मुलं, कर्ज यातलं काय बाहेर गेलेलं चालणार नाही? सामना ठेवला तर यायला आवडेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्या वतीने आपण कोणाशी बोलायचं?

स्टेफानो बोर्गोनोवोची गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी. फियोरेन्टिना आणि मिलानचा हा फॉरवर्ड. एएलएस हा स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार झाला, हातपाय गेले, बोलणं गेलं, डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या संगणकातून तो संवाद साधायचा. 2008 मध्ये आपल्या आजाराबद्दल त्याने स्वतःहून जाहीरपणे सांगितलं, आणि त्यानंतर त्या ऑक्टोबरात फ्लॉरेन्समध्ये त्याच्या दोन्ही जुन्या क्लबांचा मदत सामना झाला. त्याची व्हीलचेअर मैदानात ढकलत आणली रॉबेर्तो बाजोने. त्या दृश्यात कोणाला कीव वाटली नाही, कारण सांगायचं कधी आणि किती हे ज्याचं त्याने ठरवलं होतं.

स्मृतिभ्रंश असेल तर त्याच्या "हो"वर विसंबून चालत नाही. कायद्याने त्याच्या वतीने निर्णय कोण घेतं, पत्नी, मुलं की नेमलेला पालक, ते विचारा आणि संमती लेखी घ्या. घरात दोन तट असतील (पहिल्या लग्नाची मुलं, दुसऱ्या लग्नाची मुलं, हे नवीन नाही) तर कोणाची बाजू घेऊ नका. दोघांनाही मान्य असलेला वकील किंवा जुना मित्र गाठा.

तो "नको" म्हणाला तर? नको म्हणजे नको. अधूनमधून फोन करत राहा. सहा महिन्यांनी उत्तर बदलूही शकतं.

पायरी 3: गरज नेमकी कशाची आहे?

आकडा ठरवण्याआधी कुटुंबाबरोबर वही घेऊन बसा. गरजा साधारण तीन जातींच्या असतात. एकदाच लागणारा पैसा: शस्त्रक्रिया, थकलेलं भाडं, घराला रॅम्प. दर महिन्याला लागणारा: नर्स, औषधं, फिजिओ. आणि तिसरी, जिला पैसाच लागत नाही: दवाखान्यात ने-आण, विम्याचे आणि पेन्शनचे फॉर्म, दुपारी दोन तास सोबत म्हणजे पत्नीला जरा झोपता येईल. घरचे मागतात पहिली, त्यांना मोडते दुसरी, आणि बोलून दाखवत नाहीत ती तिसरी.

आधी हक्काचं काय मिळतं ते बघा. खेळाडू संघटनेची आजारपणाची मदत, क्लबचा किंवा महासंघाचा निधी, सरकारी योजना, जुना विमा. अर्जच केलेला नाही असं अनेकदा निघतं, कारण फॉर्म भरायला लाज वाटते किंवा कागद सापडत नाहीत. अकाउंट्सची जाण असलेला एक चाहता दोन रविवार बसला तर कधीकधी अख्ख्या मोहिमेइतकं काम होतं.

आता एक धोका, जो नवख्यांना सहसा दिसत नाही. उत्पन्न आणि शिल्लक बघून दिल्या जाणाऱ्या सरकारी मदतीवर तो जगत असेल आणि तुम्ही त्याच्या खात्यात एकरकमी मोठी रक्कम टाकली, तर ती मदत बंद होऊ शकते. डोक्यावर कर्ज असेल तर तोच पैसा बँक किंवा सावकार वळता करून घेऊ शकतो. कराचाही प्रश्न येतो. नियम प्रत्येक देशात वेगळे, म्हणून पहिला रुपया, पौंड किंवा पेसो घेण्याआधी सल्लागाराला विचारा. चाहत्यांत एखादा वकील किंवा सीए सापडतोच, आणि असल्या कामाला तो फी मागत नाही.

पायरी 4: पैसा कुठे ठेवायचा

कोणाच्याही वैयक्तिक खात्यात नाही. सर्वांच्या लाडक्या, देवमाणूस ग्रुप ॲडमिनच्याही नाही. तो खरंच देवमाणूस असेल तर उद्या त्याच्यावर शिंतोडे उडू नयेत म्हणूनच नाही.

वेगळं खातं, पैसे काढायला दोन सह्या, आणि सही करणाऱ्यांपैकी किमान एक जण कुटुंबाबाहेरचा आणि फॅन क्लबच्याही बाहेरचा. रक्कम मोठी असेल किंवा मदत वर्षानुवर्षं चालणार असेल तर ट्रस्ट करा, किंवा आधीपासून नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेच्या छत्राखाली निधी ठेवता येतो का बघा. क्राउडफंडिंगची साइट वापरणार असाल तर तिचं कमिशन किती, पैसा थेट लाभार्थ्याला जातो की मोहीम सुरू करणाऱ्याला, आणि मोहीम रद्द झाली तर परत कसा मिळतो, हे वाचल्याशिवाय लिंक फिरवू नका.

समिती पाचाची पुरे. बोलणारा एक, हिशेब ठेवणारा एक, कुटुंबाशी संपर्क ठेवणारा एक, पळापळ करणारे दोन. पंधरा जणांची समिती म्हणजे पंधरा मतं आणि एकही पावती नाही.

शक्य तिथे रोख देऊ नका, बिल भरा. नर्सिंग एजन्सीला, दवाखान्याला, घरमालकाला थेट. व्यसनाचा इतिहास असेल तर हे टाळण्यासारखं नाहीच. गारिंचाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. ब्राझीलला 1958 आणि 1962 चे विश्वचषक मिळवून देणारा हा विंगर. 19 डिसेंबर 1973 ला त्याच्या मदतीसाठी माराकाना स्टेडियमवर सामना झाला, लाखाहून जास्त लोक आले. एवढं प्रेम आणखी कोणाच्या वाट्याला आलं असेल? पण दारू सुटली नाही, आणि जानेवारी 1983 मध्ये वयाच्या 49 व्या वर्षी तो गेला. एका संध्याकाळच्या पैशाने पुढची दहा वर्षं सांभाळली जात नाहीत. तिथे उपचार लागतात, रोज दार वाजवणारं माणूस लागतं.

पायरी 5: आवाहन लिहा

रडवणारं आवाहन एकदा चालतं. नेमकं आवाहन वर्षभर चालतं. "मृत्यूशी झुंज", "कोणी विचारत नाही" असली भाषा टाळा. घरात तेही वाचणारे आहेत, आणि ज्या मुलीने तीन वर्षं बापाची शी-शू काढली तिने "कोणी विचारत नाही" का वाचावं? मजकूर साधारण असा असावा:

"आपल्या माजी कप्तानांना पार्किन्सन्स आहे. त्यांच्या आणि कुटुंबाच्या संमतीने हे आवाहन करत आहोत. दिवसपाळीची नर्स आणि फिजिओथेरपी यांचा पुढच्या 12 महिन्यांचा खर्च उभा करायचा आहे. रक्कम निधीच्या खात्यात जमा होईल आणि एजन्सीला थेट दिली जाईल. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशेब टाकू. जास्त जमले तर पुढच्या वर्षासाठी राखून ठेवू. गरज उरली नाही तर शिल्लक माजी खेळाडूंच्या वैद्यकीय निधीला देऊ. कृपया घरी भेटायला जाऊ नये. पत्रं आणि जुन्या सामन्यांच्या आठवणी जरूर पाठवा, त्यांना वाचून दाखवल्या जातात."

उरलेल्या पैशाचं वाक्य लिहायला हात धजत नाही, कारण त्यात मरणाची सावली आहे. तरी लिहाच. ते आधी लिहिलं नाही तर नंतर जे भांडण होतं ते मयताच्या दारात होतं.

कसलीही कागदपत्रं, रिपोर्ट, पत्ता सार्वजनिक करू नका. कोणाला पुरावा हवा असेल तर "अमुक संस्थेने पडताळलं आहे" एवढं सांगता यावं, म्हणून तर पायरी 1 होती.

पायरी 6: दुसऱ्या टीमच्या चाहत्यांना हाक द्या

इथे नवखे लाजतात, आणि नेमकं इथेच फुटबॉल आपलं मोठेपण दाखवतो. ॲस्टन व्हिलाचा कप्तान स्टिलियन पेत्रोव्ह याला 2012 मध्ये रक्ताचा कर्करोग झाला. त्याचा नंबर 19, म्हणून प्रत्येक सामन्यात 19 व्या मिनिटाला स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवू लागलं, आणि समोरच्या टीमचे चाहतेही त्यात सामील व्हायचे. पुढच्या वर्षी सप्टेंबरात त्याच्या जुन्या सेल्टिक क्लबच्या मैदानावर त्याच्यासाठी सामना झाला तेव्हा स्टेडियम भरलं. वेस्ट ब्रॉमच्या चाहत्यांनी जेफ ॲस्टलसाठी नवव्या मिनिटाला हेच केलं. त्यातून आणि त्याच्या घरच्यांच्या चिकाटीतून 2015 मध्ये त्याच्या नावाची संस्था उभी राहिली.

नंबराच्या मिनिटाची ही युक्ती फुकट आहे, परवानगी लागत नाही आणि टीव्हीवर दिसते. प्रतिस्पर्धी फॅन क्लबला आठवडाभर आधी साधा निरोप पाठवा: कोणासाठी, कोणत्या मिनिटाला, किती वेळ. ज्याने त्यांच्या टीमविरुद्ध हॅटट्रिक ठोकली होती, त्याचंच नाव सांगून मागा. त्यांनाही तो आठवतो, बहुधा आपल्यापेक्षा जास्त.

पायरी 7: मदत सामना, झेपत असेल तरच

ग्लासगो रेंजर्सचा फर्नांडो रिक्सन मोटर न्यूरॉन आजाराने जखडला गेला तेव्हा जानेवारी 2015 मध्ये क्लबच्या आयब्रॉक्स स्टेडियमवर त्याच्यासाठीच्या सामन्याला 40 हजारांहून जास्त लोक आले. असे आकडे वाचून सगळ्यांनाच सामना भरवावासा वाटतो. पण त्यामागे क्लब होता, त्याचं स्टेडियम होतं, तिकीटयंत्रणा होती. तुमच्याकडे काय आहे ते बघा. भाडं, विमा, पोलीस, रुग्णवाहिका, छपाई हे सगळं आधी मांडा आणि अर्धीच तिकिटं खपली तर काय उरतं ते काढा. काहीच उरत नसेल तर सामना रद्द करा आणि आवाहनावरच भर द्या. त्यात कमीपणा नाही.

करणारच असाल तर माजी खेळाडूंची वयं विसरू नका. दोन्ही हाफ 30 मिनिटांचे, बदली खेळाडू हवे तितके, वॉर्म-अप सक्तीचा, आणि मैदानाच्या कडेला डॉक्टर व हृदयाला झटका देणारं यंत्र. पन्नाशीतला स्ट्रायकर प्रेक्षक बघून वीस वर्षांचा होतो आणि मांडीचा स्नायू फाडून घेतो.

ज्याच्यासाठी सामना आहे त्याचा रस्ता तुम्ही स्वतः आदल्या दिवशी चालून बघा. गाडी कुठे थांबेल, व्हीलचेअर कोणत्या दारातून जाईल, बोगद्यात उंबरा किंवा पायरी आहे का, जवळचं टॉयलेट किती लांब, दाराची रुंदी पुरते का. ओल्या गवतात व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात, तेव्हा टचलाइनपर्यंत फळ्या टाका किंवा मॅट अंथरा. लाउडस्पीकरच्या तोंडासमोर त्याला बसवू नका. पार्किन्सन्स किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला तो गोंगाट असह्य होतो. मध्येच घरी जावंसं वाटलं तर गाडी तयार हवी, आणि माइकवरून त्याची घोषणा करू नये.

पायरी 8: जर्सी आणि पदकांचा लिलाव

त्याची पदकं विकायची कल्पना तुमच्याकडून येऊ नये. विकायचं त्यानेच ठरवलं असेल तर निदान ती चांगल्या घरी जातील असं बघा. कोहेनचं पदक 1998 मध्ये त्याच्याच फुलहॅम क्लबने घेतलं. स्टाइल्सची विश्वचषकाची आणि युरोपियन कपची पदकं 2010 मध्ये मँचेस्टर युनायटेडने आपल्या संग्रहालयासाठी विकत घेतली. क्लबला लिलावाच्या आधी फोन करा, नंतर नव्हे.

चाहत्यांनी आपल्या संग्रहातल्या वस्तू द्याव्यात हे उत्तम. पण "मैदानात घातलेली जर्सी" आणि "दुकानातली सही केलेली जर्सी" यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कोणत्या सामन्यातली, कोणाकडून मिळाली, सही समोर झाली का, हे लिहून घ्या. माहीत नसेल तर "माहीत नाही" असं छापा. आणि थरथरत्या हाताच्या माणसासमोर सहीसाठी पन्नास शर्टांची चळत ठेवू नका.

पायरी 9: हिशेब आणि नंतरचे महिने

दर महिन्याला एक पान पुरतं: जमा, खर्च, कमिशन, शिल्लक. औषधांची नावं न लिहिता नुसतं "औषधं" लिहा. देणाऱ्याचं नाव त्याने सांगितलं तरच. वर्षातून एकदा बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या. एखाद्या महिन्यात शून्य जमलं तरी पान टाका. गप्प बसलं की कुजबुज सुरू होते.

नव्याचे नऊ दिवस संपले की ग्रुप थंडावतो. त्यासाठी सुरुवातीलाच मोठ्या एकरकमी देणग्यांपेक्षा छोट्या मासिक देणग्या मागा, आणि भेटींचं वेळापत्रक करा. आठवड्याला एक जण, तासभर, सेल्फीशिवाय. स्मृतिभ्रंश असेल तर जुने फोटो, कार्यक्रमपत्रिका, त्या काळची समालोचनं घेऊन जा. स्कॉटलंडमध्ये अल्झायमर संस्था आणि फुटबॉल संग्रहालय मिळून "फुटबॉल मेमरीज" नावाचा उपक्रमच चालवतात, जुनी छायाचित्रं दाखवून गप्पा काढायच्या. सकाळचा नाश्ता न आठवणारा माणूस एखाद्या उपांत्य सामन्यातला पास नेमका कोणी दिला ते सांगतो. त्याने चुकीचा गोलधारक सांगितला तरी दुरुस्त करू नका. परीक्षा नाहीये.

घरात राबणाऱ्या माणसाकडेही बघा. फ्रान्सचा बचावपटू जाँ-पियेर ॲडम्स 1982 मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत भूल चुकल्याने कोमात गेला, तो 2021 मध्ये जाईपर्यंत कधीच उठला नाही. त्याची शुश्रूषा बायकोने, बर्नादेतने केली, सुमारे 39 वर्षं, बहुतेक घरीच. तुमच्या निधीत केअरटेकरच्या सुट्टीसाठी, वर्षातून दोन आठवडे बदली नर्स ठेवण्यासाठी, वेगळी ओळ असायलाच हवी.

निधी बंद करायची वेळ आली की, गरज भागली म्हणून असो वा तो माणूस गेला म्हणून, आधी सगळी बिलं चुकती करा आणि कुटुंबाला पंधरा दिवस द्या. अंत्यविधीचा किंवा शेवटच्या दवाखान्याचा खर्च उशिरा येतो. मग शेवटचं पान छापा, शिल्लक आवाहनात लिहिलं होतं तिथेच पाठवा, तिची पोच सगळ्यांना दाखवा आणि दोन्ही सह्या घेऊन खातं बंद करून या.